मुक्या मारासाठी घरात ठेवलेला जेल पॅक : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरात कुणाला ना कुणाला मुका मार लागल्याशिवाय आठवडा जात नाही. मुलगा शाळेच्या कबड्डी संघात कोपरारक्षक आहे आणि चढाईला आलेल्याचा घोटा पकडण्याच्या नादात त्याच्या नडगीवर, खांद्यावर किंवा हनुवटीखाली काहीतरी उमटलेले असतेच. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर त्या वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेतात, आणि दाराच्या कडीला हात नुसता घासला तरी त्यांच्या कातडीवर जांभळा डाग पसरतो. या दोघांसाठी म्हणून गेल्या आठ महिन्यांत मी दोन जेल पॅक विकत घेतले, आणि त्यांच्याबरोबरच बर्फ, गोठवलेले मटार, सहाणेवरचा लेप आणि औषधाच्या दुकानातील मलमे असे घरात जे जे वापरले जाते ते सारे नीट लक्ष देऊन पाहिले. माझे मत आधीच सांगते : फ्रीझरमध्ये सदैव तयार असलेला लहान, मऊ राहणारा जेल पॅक ही मुक्या मारावरची घरातील सर्वांत उपयोगाची वस्तू आहे, मात्र तो ज्या सूचनांसह विकला जातो त्या इतक्या अपुऱ्या आहेत की त्या वाचून वापरणाऱ्याला इजा होऊ शकते, आणि मला ती झाली.

पहिला पॅक घराजवळच्या औषधाच्या दुकानातून १६० रुपयांना घेतला. तळहाताच्या दीडपट लांबीची, निळ्या जेलची, जाड प्लास्टिकची ती चौकोनी पिशवी होती आणि फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवली की ती पाटीसारखी कडक होत असे. दुसरा पॅक ३२० रुपयांचा. त्याची पिशवी पातळ असली तरी दुहेरी आहे, आतील जेल फ्रीझरमधून काढल्यावरही कणकेच्या गोळ्याइतके मऊ राहते, आणि त्याच्याबरोबर कापडी खोळ व बांधायचा पट्टा मिळाला. दोघांमधील खरा फरक नडगीवर ठेवल्यावर कळतो. कडक पॅक नडगीच्या हाडावर एकाच रेघेत टेकतो आणि दोन्ही बाजूंनी उचलला जातो, म्हणजे ज्या जागी आधीच ठणका आहे तिथेच त्याचे सगळे वजन आणि सगळा गारवा पडतो; मऊ पॅक मात्र पायाला वेढून बसतो. यात एक देवघेव आहे. कडक होणाऱ्या जेलमध्ये पाण्याचे प्रमाण अधिक असते, ते पाणी गोठते आणि वितळताना पुष्कळ उष्णता शोषून घेते, म्हणून तो जास्त वेळ गार राहतो. मऊ पॅकचा गारवा माझ्या घड्याळाप्रमाणे २० मिनिटांतच ओसरू लागतो. पण एका वेळी १० ते १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ शेक द्यायचाच नसल्यामुळे ही उणीव प्रत्यक्षात उणीव ठरत नाही.

मुका मार लागतो तेव्हा कातडी फाटत नाही, परंतु तिच्याखालील बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूच्या ऊतींमध्ये साकळते. गार शेकाने वाहिन्या आकसतात आणि ठणका कमी होतो. बाहेर पडून साकळलेले रक्त मात्र गारव्याने परत जात नाही. म्हणूनच पहिला अर्धा तास मोलाचा असतो, आणि म्हणूनच बर्फाचे खण रिकामे निघणे, मग ट्रे भरून ठेवणे, मग शेजारी विचारणे या धावपळीपेक्षा हात घातला की सापडणारा पॅक श्रेष्ठ ठरतो. त्यानंतरची दीड-दोन दिवसांची शिस्तही सोपी आहे : दर दोन-तीन तासांनी १० ते १५ मिनिटे गार शेक, मार लागलेला हात किंवा पाय उशीवर उंच ठेवणे, आणि त्या भागाला विश्रांती. १९७८ मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणे ही चौकडी लोकप्रिय केली. पुढे २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच आपले मत बदलले आणि शरीर दुरुस्तीसाठी जी सूज आणते तिलाच सततच्या बर्फाने खीळ बसते, असे लिहिले. मला त्यातून इतकेच घ्यावेसे वाटते की गार शेक वेदनेपुरता आणि थोडा थोडा वेळच द्यावा, दिवसभर पॅक बांधून ठेवू नये. खोळीबरोबर मिळालेल्या पट्ट्याचा धोका इथेच आहे, कारण तो बांधून मूल झोपी जाऊ शकते.

मऊ पॅकची पहिली खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. मॅटवरच्या सरावात समोरच्या खेळाडूचा गुडघा मुलाच्या डाव्या नडगीच्या बाहेरील बाजूस बसला, आणि तो घरी पोहोचला तेव्हा लिंबाएवढा फुगवटा आला होता. वर लाली होती, रंग अजून बदललेला नव्हता. खोळीत घातलेला पॅक १२ मिनिटे ठेवला. त्याला मी काय वाटते ते सांगत राहायला लावले. आधी गार लागले, मग चुरचुरले, मग खोल ठणका आला, आणि त्यानंतर ती जागा बधिर झाली. बधिरपणा आला की पॅक काढायचा, हे आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पूर्वीच सांगून ठेवले होते. रात्री झोपेपर्यंत तीन वेळा असे केले. दुसऱ्या दिवशी डाग गर्द जांभळा झाला, चौथ्या दिवशी त्याच्या कडा हिरवट होऊ लागल्या, सातव्या-आठव्या दिवशी मध्यभागही पिवळसर झाला आणि दोन आठवड्यांच्या आत फिकट तपकिरी छटेखेरीज काही उरले नाही. हे रंग म्हणजे शरीर रक्तातील हिमोग्लोबिनचे तुकडे करून ते उचलून नेत असल्याची खूण असते : हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा, पिवळा बिलिरुबिनचा, आणि शेवटी रेंगाळणारा तपकिरी रंग लोहाच्या साठ्याचा. मुलाने ही रंगांची वही पेन्सिलीने ठेवली होती आणि मला ती कोणत्याही जाहिरातीतील ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या चित्रांपेक्षा अधिक विश्वासाची वाटते. गार शेकाने डाग दोन दिवस लवकर गेला असे मी म्हणणार नाही, कारण शेक न दिलेली तशीच दुसरी नडगी माझ्यापाशी नव्हती. फुगवटा मात्र पहिल्याच रात्री निम्म्याहून कमी झाला आणि त्याला झोप लागली, हे निश्चित.

आता इजेविषयी. पहिला, कडक पॅक घरी आणल्यावर तो नेमका किती गार लागतो ते पाहावे म्हणून मी तो थेट स्वतःच्या कोपराखालील भागावर ठेवला. वेष्टनावर ‘२० मिनिटे ठेवावे’ असे लिहिलेले होते आणि कापडाचा उल्लेख कुठेही नव्हता. सहाव्या मिनिटाला जागा बधिर झाली. उचलून पाहते तो रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा, मेणासारखा ठिपका आणि त्याभोवती लाल कडा. तो ठिपका परत लाल व्हायला बराच वेळ लागला, आणि पुढचे तीन दिवस तिथे भाजल्यासारखी आग होत होती. कारण समजून घेतले तेव्हा पटले. घरगुती फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास असते, आणि त्यातून काढलेला पॅक, कडक असो वा मऊ, सुरुवातीला तितकाच गार असतो. बर्फाचा खडा ओल्या फडक्यात गुंडाळला की तो लगेच वितळू लागतो, आणि वितळणारा बर्फ शून्य अंशांच्या खाली जात नाही; प्रत्येक ग्रॅम वितळताना तो ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो, पण हे सारे शून्य अंशावरच घडते. मऊ राहणाऱ्या जेलमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखा गोठणबिंदू खाली आणणारा पदार्थ असतो, त्यामुळे ते शून्याच्या पुष्कळ खाली गेलेले असूनही हाताला मऊ लागते. मऊपणामुळे ते बर्फापेक्षा सौम्य आहे असा जो समज होतो तो म्हणूनच चुकीचा आणि धोक्याचा आहे. पॅक आणि कातडी यांच्या मध्ये पातळ सुती कापडाची एक घडी हवीच. लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी दोन घड्या हव्यात. पॅक फ्रीझरमधून काढून तीन-चार मिनिटे ओट्यावर ठेवला तरीही पुष्कळ फरक पडतो.

त्याच पॅकने दुसरी निराशाही केली. तो थंड व गरम अशा दोन्ही शेकांसाठी असल्याचे वेष्टनावर छापले होते, त्याप्रमाणे मी तो गरम पाण्यात बुडवून तिसऱ्यांदा वापरला तेव्हा शिवणीपाशी प्लास्टिक सुटले आणि निळा, चिकट पदार्थ सासूबाईंच्या चादरीवर आला. दुकानदाराने पॅक परत घेतला नाही, आणि वेष्टनावरील क्रमांकावर तीनदा फोन करूनही मला उत्तर मिळाले नाही. पैशांपेक्षा मला काळजी वाटली ती आत काय आहे याची, कारण वेष्टनावर घटकांचा एकही शब्द नव्हता. बहुतेक पॅकमध्ये पाणी, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि सेल्युलोजपासून केलेला घट्ट करणारा पदार्थ असतो आणि ते मिश्रण फारसे विषारी नसते. परंतु काही पॅकमध्ये एथिलीन ग्लायकॉल वापरलेले असू शकते, जे चवीला गोड असते आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडांना गंभीर इजा करते. ज्या घरात रांगते मूल आहे तिथे घटक छापलेले नसलेला पॅक घेऊच नये, आणि फुटलेला पॅक चिकटपट्टी लावून वापरू नये.

पॅक नसेल तर काय, याचे उत्तर आपल्या घरांतच असते. हिवाळ्यात मटार स्वस्त झाले की सोलून पिशव्यांत भरून ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि अर्ध्या किलोची तशी पिशवी गुडघ्यावर किंवा घोट्यावर जितकी सुरेख बसते तितके दुसरे काहीही बसत नाही. फक्त त्या पिशवीवर खूण करावी, कारण वारंवार वितळलेले आणि पुन्हा गोठवलेले मटार पुढे भाजीत घालू नयेत. वीज गेलेली असेल, किंवा गावी फ्रीझर नसेल, तर माठातील पाण्यात भिजवलेला पंचा पुन्हापुन्हा बदलत ठेवावा. त्याचा गारवा सौम्य असतो, पण पहिल्या अर्ध्या तासात तोही पुष्कळ कामाचा असतो.

सासूबाईंच्या कपाटात रक्तचंदनाची एक बाहुली आहे. त्यांच्या आईने तिरुपतीहून आणलेली ती वीतभर बाहुली सहाणेवर उगाळून उगाळून एका बाजूने सपाट झाली आहे, आणि तिच्याबरोबर आंबेहळदीची सुकी गाठही तेथेच फडक्यात बांधलेली असते. मुलाच्या नडगीचा दुसरा दिवस उजाडला तसे त्यांनी दोन्ही पाण्यात उगाळले, पळीत किंचित कोमट केले आणि बोटाने जाड थर दिला. “फोडू नको हो, वाळून आपोआप गळू दे,” असे त्यांनी त्याला बजावले. लेप वाळताना कातडी ओढली जाते आणि फुगवट्यावर हलका, सारखा दाब बसतो. मुलाला त्याने बरे वाटले आणि मला त्यात आश्चर्य वाटत नाही. हळदीच्या कुळातील द्रव्यांचा सूज कमी करणारा गुण प्रयोगशाळेत दिसलेला आहे, पण कातडीवर दिलेला लेप खाली साकळलेल्या रक्तापर्यंत कितपत पोहोचतो हा वेगळा प्रश्न आहे. माझी अडचण याहून साधी आहे : पिवळ्या-तांबड्या लेपाखाली मार दिसेनासा होतो. डाग पसरतो आहे की ओसरतो आहे, कातडी ताणून चकाकते आहे का, हे पहिल्या दिवशी डोळ्यांना दिसायलाच हवे. म्हणून आम्ही घरात ठरवले आहे की पहिला दिवस पॅकचा आणि दुसऱ्या दिवसापासून लेप सासूबाईंच्या हातचा. आणि कातडी खरचटलेली असेल तर लेप नाही. आंबेहळद घेताना गाठच घ्यावी, कारण मोडल्यावर कैरीचा वास आला की ती ओळखता येते. पुड्यातील भुकटीत काय मिसळले आहे ते कळत नाही.

मलमांच्या बाबतीत मात्र मी सासूबाईंशी स्पष्ट बोलले. मार लागला की कपाटातील झोंबणारा बाम चोळायची त्यांची जुनी सवय होती. अशा बहुतेक बामांत मिथिल सॅलिसिलेट असते, ते कातडीतून रक्तात उतरते आणि वॉरफरिनचा परिणाम वाढवते, म्हणजे डाग जावा म्हणून लावलेल्या बामाने रक्तस्रावच वाढू शकतो. ही गोष्ट त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितली तेव्हा कुठे बामाची डबी कपाटातून गेली. ज्यांना असे औषध चालू नाही त्यांनीही ताज्या मारावर उष्णता आणणारा बाम लावू नये आणि मुळीच चोळू नये. मांडीच्या स्नायूवर खोल मार बसला असताना रगडून मालिश केले तर स्नायूत हाडासारखी कडक गाठ तयार होण्याचा धोका असतो, आणि कबड्डीच्या मुलांमध्ये ‘रगडून मोकळे करायचे’ ही समजूत फार खोल रुजलेली आहे. औषधाच्या दुकानात अशा डागांसाठी हेपारिन हे रक्त गोठू न देणारे द्रव्य असलेले मलम मिळते. न चोळता, अखंड कातडीवर पातळ थर द्यावा, आणि रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज लावू नये. दुखणे फारच असेल तर वयाच्या मानाने योग्य मात्रेत पॅरासिटामॉल पुरते. अ‍ॅस्पिरिनने रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांचे (प्लेटलेट्सचे) काम मंदावते, म्हणून मुक्या मारावर ते घेऊ नये, आणि मुलांना तर ते देऊच नये.

गरम शेकासाठीही दुसरा पॅक मी वापरते, पण ४८ तास उलटल्यावर आणि सूज वाढायची थांबल्यावरच. सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो पाच-सात मिनिटे बुडवते, पुसून खोळीत घालते, आणि आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांच्या पायांवर गरम किंवा गार कोणताच पॅक ठेवू नये, कारण चटका बसल्याचे त्यांना कळतच नाही.

एक प्रसंग असा आला की पॅक हातात असूनही त्यावर विसंबणे चूक ठरले असते. नणंदेचा चार वर्षांचा मुलगा दिवाणाच्या कडेवर कपाळ आपटून पडला आणि बघता बघता टेंगूळ आले. रुमालात गुंडाळलेला पॅक त्याला पाच मिनिटेही सहन झाला नाही, म्हणून एकेक मिनिट टेकवत, उचलत राहिलो. दोन दिवसांनी टेंगूळ बसले, पण त्याच बाजूची पापणी काळीनिळी झाली आणि नणंद घाबरून गेली. कपाळावर साकळलेले रक्त उताराने पापणीच्या सैल कातडीत उतरते, हे बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले. पण डोक्याला मार लागल्यावर उलट्या होणे, गुंगी येणे, बोलण्यात किंवा चालण्यात फरक पडणे, दोन्ही डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे पडणे, नाका-कानातून पातळ पाणी येणे, यांपैकी काहीही दिसले तर पॅक बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला लागले असेल तर लक्षणांची वाटही पाहू नये. हातापायांच्या मारात पायावर भार देता न येणे, सूज ताणून कडक होणे, बोटे बधिर पडणे, किंवा दिसणाऱ्या माराच्या मानाने वेदना भलतीच जास्त असणे, ही घरी बसायची लक्षणे नव्हेत. आणि पावसाळ्यात ताप असलेल्या माणसाच्या अंगावर काही न लागता डाग किंवा लाल ठिपके उठले, तर तो मुका मार नसून डेंग्यू असू शकतो. तिथे आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही टाळून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

विकत घेणाऱ्यांसाठी माझी शिफारस मऊ राहणाऱ्या, दुहेरी पिशवीच्या, खोळ असलेल्या पॅकची आहे, आणि एका मोठ्या पॅकऐवजी दोन लहान घ्यावेत, म्हणजे एक वापरात असताना दुसरा गार होत राहतो आणि मुलांच्या मनगटावर किंवा कपाळावरही तो मावतो. फ्रीझरमध्ये तो मासळी किंवा मटणाजवळ न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवावा, दर वापरानंतर साबणाने धुवावा आणि महिन्यातून एकदा दोन्ही हातांनी दाबून शिवणी तपासाव्यात. ३२० रुपयांचा माझा पॅक आठ महिन्यांत सुमारे साठ वेळा वापरला गेला असून त्याच्या शिवणी अजून शाबूत आहेत. खोळीचा चिकटपट्टा मात्र सैल झाला आहे आणि आता मी तो न बांधता हाताने धरते. या पॅकच्या वेष्टनावर इंग्रजी आणि हिंदीत सूचना आहेत, मराठीत नाहीत, आणि सासूबाईंना त्या वाचता येत नाहीत. म्हणून मी जाड कापडावर तीन ओळी भरून खोळीवर शिवल्या आहेत : कापड मध्ये हवे, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, बधिर झाले की काढा. उत्पादकांनी एवढेच मोठ्या अक्षरांत छापले, आणि घटकांची नावे दिली, तर मी हा पॅक कुणालाही बिनदिक्कत घ्यायला सांगेन.